उजवीकडची सीट

कोइमतूरचा माणूस बूट काढून
गाडीखाली शिरला,
तेव्हाच कळलं, हा घेणार.
आधीचे सगळे उभ्यानं बघून गेले,
टपावर अंगठी वाजवत विचारत,
लाल का नाही केली?

लान्चिया फुल्विया, कूपे, एकोणीसशे अडुसष्ट.
हे नाव मी आधी कागदावर शिकलो,
जिभेवर यायला दोन उन्हाळे लागले.
गल्लीत तिला अजून लांचीबाईच म्हणतात.

बोदवडच्या एका जिनिंगमध्ये होती,
सरकीच्या पोत्यांमागं, चारी चाकं मातीत.
कुणी इटालियन इंजिनिअर मशिनरी बसवायला आला,
कावीळ झाली, विमानानं परत गेला,
मुनिमाला एवढंच ठाऊक.
सीटच्या पोटात कापूस पिंजून
उंदरांच्या कितीक पिढ्यांनी बाळंतपणं उरकलेली.
मी ती किलोवर घेतली,
कापसाच्याच काट्यावर तोलून.

अकरा वर्षं.
भुसावळच्या लोको शेडमध्ये जे पाने वागवले
ते इथं सगळे मोठे पडले.
चार सिलिंडर एकमेकांना इतके खेटून,
जशा लग्नाच्या टेम्पोत करवल्या.
रंग मारायचा तो पहाटे तीनला;
एकदा ऊन वर आलं की फवारा हवेतच वाळायचा,
पत्र्यावर नुसती भुकटी.
हनीफ तडवीनं बॉनेट सरळ केलं
कान लावून, टिचक्या मारत.
डोळ्यांचं काय, म्हणायचा, डोळे फसतात.

स्टिअरिंग डावीकडं.
म्हणून फैजपूरच्या रस्त्याला पहिल्यांदा निघालो
तेव्हा कोकिळा बसली उजवीकडं,
मांडीवर भरिताच्या वांग्यांची पिशवी,
दोन्ही हातांनी पदर सावरत.
समोरच्या केळीच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला.
ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर:
"ओ माय, स्टेअरिंग तं धर!"
ती म्हणाली, "मले नाही लागत."

तो बॅटरी घेऊन नंबर वाचत होता,
चेसिसचा, इंजिनचा,
कागद ठेवून पेन्सिलनं घासून घेत होता.
सगळं जुळलं. मग आत बसला
आणि गिअरच्या मुठीवर त्याचा हात थांबला.
हे मूळचं नाही.

नाही. ते पितळ आहे.
वाफेच्या इंजिनाच्या पाण्याच्या काचेखालचा नळ,
शेवटचं इंजिन तोडायला नेलं त्या दिवशी
मी जेवणाच्या डब्यातून घरी आणला.
चोरीच म्हणा. लेथवर उतरवला,
तळहाताएवढा होईतो.

पंचवीस हजार कमी, तो म्हणाला.

मी माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढला.
त्यात मूळची, लाकडी,
देठापासून तडकलेली, उंदरांनी चाखलेली.
त्याचा चेहरा असा उजळला
की कोकिळेला चहा ठेवावाच लागला.
पंचवीस हजार परत आले.
जाता जाता विचारलं त्यानं, विकताय का?
मी म्हटलं, तिच्यात करायला काही उरलं नाही.
खरं होतं ते. हात रिकामे राहिले की
मी घरातली बिजागरं खोलतो,
धड असलेली.

फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस,
चार सह्या, एक अंगठ्याएवढा डाग.

ट्रक गल्लीत शिरेना, म्हणून हायवेपर्यंत
मीच नेली. कोकिळा उजवीकडं.
पहिला गिअर पडला बरोबर,
पण हाताला ओळख लागली नाही.
दुपारचे दोन, रस्त्यावर चिटपाखरू नाही;
ओरडायला कुणी असतं तर बरं झालं असतं.
फळीवरून ती वर चढली,
ताडपत्री ओढली, दोर आवळले.
तो माणूस परत बूट घालत होता.

येताना रिक्षा केली.
ती सवयीनं उजव्या कडेला, मी डावीकडं,
पँटच्या खिशात पितळ तापलेलं,
आणि त्यावर माझी मूठ.
बराच वेळ ती केळीच्या बागांकडं बघत होती.
मग न वळताच म्हणाली,
"फाटक येऊ राह्यलं. दुसरा टाका."

टाकला.